कानबाईच्या नावाचा टेम्पो

हर्षदाने सायकलच्या हँडलला पहिल्यांदा मोबाइल बांधला, तेव्हा उषाबाईंना वाटलं, झालं, पोरीचं डोकं फिरलं! आणि बांधला कशाने, तर साडीच्या लेसने. सुरतेत उधन्याच्या एका कारखान्यात ती साड्यांना लेस लावायला जायची, तिथल्या उरल्यासुरल्या पट्ट्या घरात लोळत असत. गुलाबी जरीत गुंडाळलेला तो फोन पुढे, आणि मागे पदर खोचून पेडल मारणारी सून! ही स्वारी लिंबायतच्या गल्लीतून निघाली, की उषाबाई दार लोटून घ्यायच्या. लोक काय म्हणतील, ही काळजी त्यांना जन्माची जडलेली.

पण हर्षदाचं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा, उषाबाईंचा एकुलता एक योगराज, सकाळच्या पाळीला सायकलने निघाला होता. मागून गाडी आली, त्याला उडवून गेली. दिवसाउजेडी, चहाची टपरी उघडी, माणसांची ही गर्दी! गाडीचा नंबर विचारला तर जो तो आभाळाकडे बघायला लागला. रंगसुद्धा धड कुणी सांगेना. योगराज वाचला, पण एक पाय आखूड झाला, लूमवर उभं राहणं संपलं, आता बसून बॉबिन भरतो. हर्षदा महिनाभर कुणाशी बोलली नाही. मग एके दिवशी तिने नवऱ्याची वाकलेली सायकल दुरुस्त करून आणली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आता नंबर मी बघणार. आणि मी बघितला की सगळ्या सुरतेला दाखवणार."

आणि दाखवू लागली की! सायकलवाल्याला कट मारून जाणारा, न बघता दार उघडणारा, उलट्या बाजूने घुसणारा, कुणी सुटत नव्हता. मोबाइलवरच्या आपल्या पानावर व्हिडिओ टाकायचा, खाली जागा लिहायची, नंबर लिहायचा, काय झालं ते दोन ओळींत सांगायचं, बस्स. शिवी नाही, रडारड नाही, मागे गाणंबिणं नाही. चालकाने येऊन चूक कबूल केली, तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत टाकायचं. पण मूळ व्हिडिओ काढायचा नाही. एकदा एका मिठाईवाल्याचा मुलगा चांगला चार जणांना घेऊन दमदाटी करायला आला. बाईने शांतपणे फोन त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "बोला भाई, काय म्हणत होता? पुन्हा एकदा सांगा." भाईंची बोबडी वळली. आल्या पावली गेले.

हळूहळू रस्त्याला हिची सवय झाली. खाडीपुलावर शाळेच्या व्हॅन सावकाश उतरायला लागल्या. रिक्षावाले लांबूनच ओरडायचे, "भाभी, केमेरा चालू छे के?" आणि चालू असो नसो, सायकलला वाट द्यायचे. सकाळच्या पाळीला जाणारे कारागीर मुद्दाम तिच्या मागेपुढे सायकली ठेवायचे. लेकुरवाळ्या बाया दारात थांबवून म्हणायच्या, "तुझ्यामुळे आमचा माणूस धड घरी येतो गं." हे ऐकलं की उषाबाईंचं मन भरून यायचं. दार लोटून घेणं कधीच बंद झालं होतं. उलट भाजीवालीला त्या स्वतःहून सांगायच्या, "ती सायकलवाली? माझी सून!" आणि वर दोन मिरच्या जास्त मागून घ्यायच्या.

असं सगळं छान चाललेलं. मग तो दिवस आला.

संध्याकाळी हर्षदा घरी आली ती पदराला रक्त घेऊनच. खाडीपुलाच्या वळणावर तिच्यापुढे बनमाळी नावाचा ओडिया कारागीर सायकलवर चालला होता. कापडाच्या ताक्यांनी गच्च भरलेला टेम्पो मागून आला आणि बनमाळीला दाबत त्याने डावीकडे वळण घेतलं. बनमाळी आपटला. टेम्पो क्षणभर थांबला आणि निघून गेला. हर्षदाने त्या माणसाला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. लूमवर तुटलेला धागा बोटांनी जोडावा लागतो, आणि याचा उजवा हात गेला प्लास्टरमध्ये!

"नंबर मिळाला ना?" उषाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं. "टाक लगेच. सोडू नको त्या मेल्याला."

हर्षदाने फोन त्यांच्या हातात दिला. टेम्पोची पाठ दिसत होती. दोन हिरवे पोपट, मधे लाल अक्षरांत 'कानबाई माता प्रसन्न', खाली गावाचं नाव, पिंपरखेडे. आणि त्याखाली नंबर. उषाबाईंना इंग्रजी अक्षरं लागत नव्हती, पण हा नंबर त्यांना पाठ होता. टेम्पो घेतला त्या दिवशी त्याच नंबराला त्यांनीच हळदकुंकू लावलं होतं. त्यांच्या धाकट्या दिराचा, वाल्मिकचा टेम्पो!



आता यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. तर ऐका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी माणसाच्या घरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ लावून देवी करायची, चौरंगावर मांडायची. त्यांच्या भाऊबंदकीत घराघरातून गहू यायचे, ते एकत्र दळायचे आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे पुरणाच्या जाडजूड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी एका पंगतीत बसून खायच्या. परक्याला घासभर द्यायचा नाही. गाव सुटलं, जमिनी गेल्या, कुणी लिंबायतला, कुणी कोसाडला, वर्षवर्ष तोंडं बघत नाहीत. पण रोटाला सगळे येणार. ज्याला रोटाला बोलावलं नाही, तो भाऊबंदकीतून गेला. आणि यंदा कानबाई वाल्मिकच्या घरी बसणार होती. उषाबाई घरातली थोरली सून. लग्न होऊन आल्यापासून पहिला रोट त्यांच्या हातचा, तो मान कधी चुकला नव्हता. बाकी आयुष्याने त्यांना फार काही दिलं नव्हतं, पण तो एक दिवस त्यांचा होता.

"नंबर झाक," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, आजवर कुणाचा झाकला नाही मी."

"ते सगळे परके होते."

"मग योगराजला उडवणाराही कुणाचातरी काकाच असेल ना?"

 उषाबाईंनी सुनेचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "तुला माझी आण आहे. हा नंबर तू कुणाला दाखवायचा नाहीस."

हर्षदाचा चेहरा पडला. व्हिडिओ न टाकणं तिला जमणार नव्हतं. बनमाळीला तिने शब्द दिला होता. आण मोडणंही जमणार नव्हतं. तिने नंबरावर काळी पट्टी ओढली. मग पोपट आणि अक्षरं झाकायला बोट पुढे नेलं, तर उषाबाईंनी मनगटच धरलं. "अगं ए! कानबाईच्या नावाला काळं फासतेस? हात झडेल!"

"पण नाव राहिलं तर—"

"राहू दे. पिंपरखेड्याचे टेम्पो काय कमी आहेत सुरतेत? गावचाच पेंटर, सगळ्यांचे पोपट सारखे. कोण ओळखतंय?"

झालं. व्हिडिओ गेला, नंबर झाकलेला आणि देवीचं नाव उघडं.

लोकांना ओळखायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. फक्त ओळखला तो भलताच माणूस. पिंपरखेड्याच्याच छगनचा टेम्पो. तेच पोपट, तीच लाल अक्षरं. कुणीतरी त्याचा फोटो काढला, खाली त्याचं नाव टाकलं, आणि मग काय विचारता! सायकलवाल्या भाभीच्या पानावर आलं म्हणजे खरंच असणार. हजारो लोकांनी तो फोटो पुढे पाठवला. हर्षदाने दोनदा, तीनदा लिहिलं, 'हा टेम्पो छगनभाईंचा नाही.' लोक विचारायचे, 'मग कुणाचा?' इथे तिची बोटं थांबायची. लोक म्हणायचे, भाभी घाबरली, भाभीवर दबाव आलाय. आणि छगनवर आणखी तुटून पडायचे.

रोटाच्या आधीच्या बुधवारी छगन स्वतःच दारात उभा राहिला. बरोबर त्याची मुलगी दिपाली, कॉलेजात जाणारी. उषाबाईंनी चहा टाकला. दुसरं काय करणार होत्या?

"काकू, मी त्या दिवशी बारडोलीला होतो," छगन म्हणाला. "माल उतरवत होतो. व्यापाऱ्याला पावती दाखवली. तो म्हणतो, तू नसशील तर ती बाई नंबर का झाकते? मला फेऱ्या देणं बंद केलंय. काल पोरांनी काच फोडली. दिपालीला कॉलेजात म्हणतात, खुन्याची मुलगी. अहो, तो माणूस जिवंत आहे ना?" त्याने हर्षदाकडे बघून हात जोडले. "ताई, लोक तुमचं ऐकतात. मी स्वतः तुमचे व्हिडिओ बघतो, सायकल दिसली की ब्रेकवर पाय ठेवतो. तुम्ही एकदा सांगा, तो कोण होता. कानबाईची शपथ, मी नव्हतो."

 दिपाली भिंतीशी चार्जिंगला लावलेल्या फोनकडे, त्या गुलाबी लेसकडे एकटक बघत होती. चहावर साय धरली, कुणी कपाला हात लावला नाही. छगन उठला, काकूंच्या पाया पडला आणि गेला. माझ्या पाया पडला, हे उषाबाईंच्या मनातून जाईना.

हर्षदा कप उचलत म्हणाली, "आण तुमची आहे आत्याबाई. सोडवायची तर तुम्हीच. पण माझी अक्कल कुठे गेली होती? नंबर झाकायचा तर व्हिडिओ टाकायला नको होता. मी अर्धं खरं टाकलं आणि त्या अर्ध्याने या माणसाला खाल्लं." आणि आवाज न करता ती रडायला लागली. योगराज पडला तेव्हा रडली नव्हती ती!

उषाबाईंनी रोटाच्या गव्हाची पिशवी उचलली आणि तशाच वाल्मिकच्या घरी गेल्या.

वाल्मिकच्या घरी रंगरंगोटी झाली होती. धाकटी जाऊ मंदा चौरंग घासत होती. उषाबाई दारातूनच म्हणाल्या, "वाल्मिकभाऊ, तुमच्या पापाचं ओझं छगनच्या डोक्यावर बसलंय. त्या ओडिया माणसाच्या घरी जा, आणि मी होतो म्हणून सांगा. तुम्ही सांगितलंत तर तुमचा मान राहील. हर्षदा तसंच टाकेल."

वाल्मिकने मान वर केली नाही. "वहिनी, गहू आणलेत? ठेवा आणि चहा घेऊन जा. छगनचं छगन बघेल. चार दिवसांत लोक विसरतात."

"योगराजचा पाय मी विसरले नाही."

तेव्हा मात्र वाल्मिक उठला. "हे बघा, माझं नाव तोंडातून काढलंत तर हे गहू परत न्यायचे. यंदाही नको, पुढंही नको. समजलं?"

 मंदाचा घासणारा हात थांबला होता. उषाबाईंनी पिशवीकडे बघितलं. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी पिशवी उचलली, काखेत मारली आणि घरी आल्या.

नवरा, काशिनाथ, ओट्यावर बसला होता. पिशवी बघूनच समजला. "परत आणलेस? अगं, भाऊ आहे तो माझा!"

"आणि योगराज तुमचा कोण?" उषाबाई म्हणाल्या. काशिनाथ भला माणूस, पण आयुष्यभर गप्पच बसत आला होता. यावेळी निदान आडवा आला नाही.

उषाबाई हर्षदासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आण सुटली. काढ ती पट्टी. आणि फोन धर माझ्यापुढे, मी बोलते."

"तुम्ही कशाला? मी सांगते ना. चूक माझीही आहे."

"तू सांगितलंस तर लोक म्हणतील, सुनेने घर फोडलं. मी थोरली आहे. धर."

फोनपुढे बसल्यावर उषाबाईंचं मराठी, हिंदी, गुजराती सगळं पळालं. राहिली ती घरची अहिराणी. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि सरळ बघून बोलल्या, "हाऊ टेम्पो मना देर वाल्मिकना शे. छगनना नही. नंबर झाकाले मीच लावा. मनी चुकी व्हयनी. छगनले कोणी काही बोलू नका. ती पोरले बी बोलू नका." पुढचं त्यांना सुचेना. त्यांनी हात जोडले. तेवढाच व्हिडिओ. खाली हर्षदाने लिहिलं, 'माझ्या पानावर मी एकदाच नंबर झाकला. पुन्हा झाकणार नाही. छगनभाईंची माफी मागते.' आणि खाडीपुलाचा मूळ व्हिडिओ, पट्टीशिवाय.

रातोरात वारं फिरलं. ज्यांनी छगनचा फोटो पुढे पाठवला होता, त्यातल्या पुष्कळांनी तो काढून टाकला, थोड्यांनी माफीही मागितली. व्यापाऱ्याने छगनला सकाळीच बोलावून घेतलं. छगनने फोन केला, पण त्याच्याने बोलवेना. दिपालीने फोन घेतला, म्हणाली, "काकू, बाबा जेवले आज." उषाबाईंना एवढं पुरलं. वाल्मिकला पोलिसांनी बोलावून घेतलं, टेम्पो चौकीवर लागला. भाऊबंदांचे फोन मात्र कुणाकुणाचे आले नाहीत ते विचारू नका. एकाचाही आला नाही.

रविवारी कानबाई बसली. दोन गल्ल्या सोडून वाल्मिकच्या घरी गाणी चालली होती, इथे ऐकू येत होती. पुरणाचा वास आला की उषाबाई स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासायच्या. घासलेलीच पुन्हा घासायच्या. दुपारी घरात वरणभात झाला. काशिनाथने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. योगराज म्हणाला, "माय, तू बरोबर केलंस." "माहीत आहे मला," उषाबाई खेकसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून पोटभर रडल्या. बरोबर केलं म्हणून दुखायचं थोडंच राहतं?

सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. सगळ्या लिंबायतच्या कानबाया त्या दिवशी तापीकडे निघतात. बाया डोक्यावर देवी घेतात, पुढे फुगड्या, वाजंत्री, रस्ता नुसता फुललेला. उषाबाई जाणार नव्हत्या. पण वाजंत्री जवळ आली तसं त्यांच्याने घरात बसवेना. लांबून तोंड बघते देवीचं, मग येते, असं म्हणत त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हर्षदा मागोमाग आली, पण दोन पावलं मागे राहिली. आपल्यामुळे झालं, हे तिच्या मनातून गेलं नव्हतं.

घरची कानबाई आली. मंदाच्या डोक्यावर चौरंग होता, भोवती सगळ्या जावा, पुतण्या, मागे पुरुषांत वाल्मिक, मान खाली घातलेला. बायांनी उषाबाईंना बघितलं आणि गाणं बारीक झालं. उषाबाईंनी तिथूनच हात जोडले आणि वळायला लागल्या.

मंदा थांबली. ती थांबली म्हणून मिरवणूक थांबली.

"जाऊबाई," मंदा म्हणाली.  "त्या दिवशी मी टेम्पोत होते. यांच्या शेजारी. तो पडताना मी बघितला. थांबा म्हटलं, हे थांबलेही, आणि मग मीच म्हटलं, चला, कुणी बघितलं नाही." तिने डोक्यावरचा चौरंग दोन्ही हातांनी धरला. "काल पहिला रोट माझ्या हातचा झाला. माझ्या घशाखाली उतरला नाही. माझ्या डोक्यावर ही शोभत नाही. तुम्ही घ्या."

"मंदा!" वाल्मिक पुढे झाला.

मंदाने वळून त्याच्याकडे नुसतं बघितलं. आजूबाजूला सगळ्या जावा उभ्या होत्या, कुणीही हलली नाही. वाल्मिक बाजूला होऊन भिंतीला टेकला.

उषाबाईंना समोरचं दिसेना, डोळे भरून वाहत होते. त्यांनी पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. मंदाने चौरंग अलगद उतरवून त्यांच्या डोक्यावर दिला. चौरंग जड होता, दरवर्षीसारखाच जड. उषाबाईंनी तोल सांभाळला आणि मान न वळवता हाक मारली.

"हर्षदा! मागे काय उभी राहतेस चोरासारखी? ये, इकडे ये. माझ्या उजव्या हाताला चाल, सगळ्यांना दिसू दे."

हर्षदा आली. मंदाने सरकून तिला जागा दिली, गाणं पुन्हा सुरू झालं, आणि बाया चालू लागल्या.